विद्यापीठाची लॅब पाहायची, तर तयारी गावातल्या वर्गातच हवी

आसेगाव (ता. मंगरुळपीर) : २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शाळाशाळांत सहलीचा विषय निघतो. आसेगावसारख्या गावातल्या हायस्कूलच्या पोरांना रसायनशास्त्राची मोठी प्रयोगशाळा दाखवायची, तर पहिलं नाव येतं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं. १ मे १९८३ ला सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात वाशिमसह पाच जिल्हे येतात. पण गावातून कारंजामार्गे अमरावती म्हणजे एका बाजूने शंभर किलोमीटरच्या वर. पहाटे निघायचं, दुपारी पोचायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. हाती उरतात जेमतेम दोन-अडीच तास. या दोन तासांत लेकरांच्या पदरात काय पडणार, हे आदल्या पंधरा दिवसांत वर्गात काय झालं यावरच ठरतं.

अडचण अशी की दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे असले, तरी ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी प्रयोग सर टेबलावर करतात आणि पोरं वहीत उतरवतात. ज्यानं ब्युरेट कधी हातात धरलं नाही, त्याला विद्यापीठातलं स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे एक पांढरा डबा. त्याच्यासमोर फोटो निघतो, बस्स.

म्हणून सुरुवात घरातल्या वस्तूंपासून करावी. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद चुन्याच्या निवळीत लाल होतो, लिंबाच्या रसात पिवळाच राहतो. आम्ल आणि आम्लारी हा धडा एवढ्यात कळतो. तिथून पुढं अनुमापन समजावणं सोपं जातं. थेंब थेंब द्रावण सोडत जायचं, रंग बदलला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते मोजायचं. शाळेत ब्युरेट नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजवरही हा सराव होतो.

द्रावणाची तीव्रता हा दुसरा विषय. पुस्तकात तो कोरडा वाटतो, शेतकऱ्याच्या घरी तो रोजचा आहे. समजा औषधाच्या लेबलवर १० लिटर पाण्याला २५ मिली लिहिलं आहे आणि घरचा पंप १५ लिटरचा आहे. मग साडेसदतीस मिली लागतं. पण शिवारात हिशेब चालतो टोपणावर, आणि टोपण प्रत्येक बाटलीचं वेगळं. हे गणित नववीच्या पोरीनं घरी बापाला करून दाखवलं, तर लॅबची भेट व्हायच्या आधीच अर्धी वसूल झाली म्हणायची.

सुरक्षेचं बोलणं मात्र घाईत उरकू नये. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, बंद बूट, बांधलेले केस, ओढणी असेल तर पिन लावलेली. आत काही खायचं-प्यायचं नाही, बाटलीला नाक लावायचं नाही, सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, कारण उष्णता एकदम वाढून आम्ल अंगावर उडतं. बूट सगळ्यांकडे असतीलच असं नाही. चपलेमुळे एखादं लेकरू दाराबाहेर उभं राहू नये, याची सोय शाळेनं आधीच करावी. चष्मा आणि हातमोजे कशासाठी, हे या भागात वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो, हेही त्याच तासात शिकवता येतं.

सोबत गावची माती न्यावी. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून आहे, कार्ड पुष्कळ घरांत आहे, पण त्यावरचा सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब वाचणारे थोडे. सेंद्रिय कर्ब काढताना मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल टाकून शेवटी अनुमापनच करतात. म्हणजे वर्गात सिरिंजनं जे केलं, तेच मोठ्या प्रमाणात. विभागाला आधी पत्र देऊन ही चाचणी दाखवायची विनंती करावी. नाही तर पोरांना कपाटं आणि यंत्रांची नावं तेवढी पाहायला मिळतात. खरं तर या कामासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही चांगलं. तिथं मृदशास्त्र व कृषी रसायनशास्त्राचा विभागच आहे, आणि अंतरही कमी.

पैशाचा प्रश्न राहतोच. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आविष्कार अभियानातही शाळा आणि उच्च शिक्षण संस्था जोडण्याची कल्पना आहे. तरी वर्गणी काढली की सगळ्यात आधी गळतात त्या मजुरांच्या मुली. वर्गणी परवडत नाही, शिवाय उशिरा परत येण्याची घरच्यांना काळजी. पालकसभा घेऊन निघायची-परतायची वेळ आणि सोबत कोणत्या मॅडम आहेत हे सांगितलं, तर काही नावं यादीत परत येतात.

तारखेचंही पाहावं. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा डोक्यावर असते, सर तिकडे गुंतलेले. नववीचा वर्ग डिसेंबर-जानेवारीत नेला तर परत आल्यावर दोन तास चर्चेला मिळतात, आणि अकरावीला सायन्स घ्यायचं की नाही हे ठरवायला पोरांकडे आणखी वर्षभर उरतं.