काळी वर्तुळे: झाकणारा रंग आणि घालवणारी डबी

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी काही हवे म्हणून ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर चौकशी केली, की साधारणपणे दोन प्रकारच्या वस्तू समोर येतात. एक म्हणजे नारिंगी, पीच किंवा पिवळ्या छटेचा करेक्टर. लावला की वर्तुळ दिसेनासे होते, चेहरा धुतला की पुन्हा दिसते. दुसरी म्हणजे क्रीमची डबी, जी काही आठवड्यांत वर्तुळ कायमचे घालवण्याची हमी देते. ग्राहकाच्या हिशेबात पहिली वस्तू तात्पुरती, म्हणून दुय्यम. दुसरी मुळावर घाव घालणारी, म्हणून पैसे वसूल. आरोग्याच्या हिशेबात हा क्रम बहुतेक वेळा उलटा लावावा लागतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि केरळात मूत्रपिंडाचे जे रुग्ण समोर आले, त्यांनी तर या फरकाला जीवनमरणाच्या प्रश्नाच्या जवळ नेऊन ठेवले आहे.

आधी झाकणाऱ्या रंगाबद्दल. त्यामागे औषधशास्त्र नाही, साधे प्रकाशाचे गणित आहे. रंगचक्रात समोरासमोर येणारे दोन रंग एकमेकांवर आले की एकमेकांना फिके पाडतात आणि राखाडीसर, तटस्थ छटा उरते. निळ्याच्या समोर नारिंगी येतो, जांभळ्याच्या समोर पिवळा आणि लालाच्या समोर हिरवा. डोळ्यांखालची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. तिच्याखालच्या रक्तवाहिन्यांची निळसर-जांभळी छटा वर उमटते. त्वचेच्या खालच्या थरात साचलेले मेलॅनिनही वरून करडे-निळसर दिसते, कारण निळा प्रकाश वरच्या वर विखुरला जातो आणि लाल प्रकाश आत शोषला जातो. या निळसरपणावर थेट त्वचेच्या रंगाचा कन्सीलर चढवला, तर वर्तुळ जात नाही, राखेचा हात फिरवल्यासारखे दिसते. आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा पातळ थर दिला, की निळा मारला जातो आणि मग वरचा कन्सीलर अगदी थोडा पुरतो.

गोऱ्या वर्णाला पीच, गव्हाळ वर्णाला गडद पीच आणि सावळ्या-काळ्या वर्णाला चक्क नारिंगी असा साधारण नियम आहे. आपल्याकडे फसगत इथेच होते. परदेशी गोऱ्या कातडीसाठी बनवलेल्या फिकट गुलाबी छटा सावळ्या चेहऱ्यावर पांढुरक्या दिसतात आणि ‘मला करेक्टर शोभत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष चेहऱ्याचा नसतो, छटेचा असतो.

ही युक्ती नवीनही नाही. अमेरिकेत लिडिया ओलिअरी या बाईंनी स्वतःच्या चेहऱ्यावरचा जन्मजात जांभळा डाग झाकण्यासाठी ‘कव्हरमार्क’ हे प्रसाधन तयार केले, ते १९२८ च्या सुमारास. ब्रिटनमध्ये रेडक्रॉसने १९७० च्या दशकात भाजलेल्या, कोड असलेल्या लोकांना डाग झाकण्याचा मेकअप शिकवणारी सेवा सुरू केली. गडकरी रंगायतन किंवा आचार्य अत्रे रंगमंदिराच्या रंगपटात काम करणाऱ्या रंगभूषाकाराला तर हे शिकवावेच लागत नाही. दाढीची निळसर झाक लपवायला आधी तांबूस-नारिंगी हात द्यायचा आणि मग वरचा बेस, ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे. पूर्वी रंगपटात राहणारी ही विद्या आता मोबाइलवरच्या चित्रफितींतून घरोघरी पोचली आहे, एवढेच.

मात्र रंगाचे हे गणित सगळ्या वर्तुळांना लागू पडत नाही. आरशासमोर उजेडात उभे राहून खालच्या पापणीची त्वचा हलकेच ताणून पाहावी. ताणल्यावरही तपकिरी रंग तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा. निळसरपणा वाढला तर तो रक्तवाहिन्यांचा. आणि प्रकाशाची दिशा बदलताच काळेपणा हलला किंवा गेला, तर ती सावली आहे. वयाने किंवा चेहऱ्याच्या ठेवणीने डोळ्यांखाली पडलेल्या खळग्याची ती सावली असते. सावलीला रंगाने मारता येत नाही; तिच्यावर जितके थर चढवाल तितक्या सुरकुत्या उठून दिसतात. बहुतेक लोकांत या तीनांपैकी दोन कारणे एकत्र असतात, म्हणून निम्मे झाकले जाते आणि निम्मे राहते.

मुळात वर्तुळे येतात का? कल्याण-डोंबिवलीत याचे तयार उत्तर ‘लोकल’ हे आहे. पहाटे उठून डबे करायचे, गर्दीत उभ्याने मुंबई गाठायची, रात्री परतायचे आणि झोप सहा तासांच्या आत उरकायची, अशा दिनक्रमाला चेहरा साक्ष देणारच. तरीही सगळे खापर झोपेवर फोडता येत नाही. गुजरातेत २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपुरी झोप ४० टक्के रुग्णांत आढळली; पण घरात आणखी कोणाला तरी अशीच वर्तुळे असल्याचे ६३ टक्क्यांनी सांगितले. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांची वर्तुळे अंगभूत ठेवणीतली होती. त्याखालोखाल कारण होते त्वचेच्या दाहानंतर उरलेले डाग. ॲलर्जीने डोळे खाजतात, ते चोळले जातात, आणि चोळलेली त्वचा काळवंडते. नंबर असूनही चष्मा न लावणाऱ्यांचीही त्यात नोंद आहे.

रक्तक्षय हा मुद्दा वेगळा काढायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चेहरा फिकट पडला की डोळ्यांखालचा काळेपणा अधिक उठून दिसतो. त्यासोबत जिना चढताना धाप लागत असेल, थकवा जात नसेल, तर पाचशे रुपयांच्या क्रीमआधी हिमोग्लोबिनची तपासणी करावी. ती महापालिकेच्या दवाखान्यातही होते.

आता घालवणाऱ्या डबीकडे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीस आली. आजार संसर्गाचा नव्हता. तिघी एकच क्रीम वापरत होत्या, ब्युटिशियनकडून घेतलेले, चेहरा उजळण्यासाठीचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने झालेल्या तपासात क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी नवी मुंबईतूनही अशा रुग्णांची नोंद झाली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी तर आकडेच मांडले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित, एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला. या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. हा अभ्यास २०२४ मध्ये मूत्रपिंडशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संख्या लहान आहे, हे खरे. पण १५ पैकी १३ हे प्रमाण योगायोगाने येत नाही.

पाऱ्याने त्वचा उजळते, हे खोटे नाही. म्हणूनच तो टिकून आहे. मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराला तांब्याची गरज असते. पारा त्या विकराचे काम बंद पाडतो आणि रंग बनणे मंदावते. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, शेजारणी विचारतात, आणि डबी हातोहात खपते. पण पारा त्वचेवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साचतो. तिथल्या सूक्ष्म गाळण्यांच्या पडद्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे बसू लागतात, गाळणी सैल होते आणि रक्तातली प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, पाय सुजतात. आणि सकाळी उठल्यावर पहिली सूज दिसते ती डोळ्यांभोवती. ज्या जागेचे रूप सुधारण्यासाठी क्रीम लावले, तीच जागा फुगते, आणि मग त्या फुगवट्यावर आणखी एक क्रीम येते.

दुसरा खलनायक अधिक घरगुती आहे: स्टेरॉइड. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक डागांसाठी, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. आपल्याकडे ती चिठ्ठीवाचून, वहिनीच्या किंवा मैत्रिणीच्या सल्ल्याने वर्षानुवर्षे फासली जातात. देशातील विविध केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, आणि डोळ्यांखालची त्वचा मुळातच पातळ. ती आणखी झिजली की खालच्या रक्तवाहिन्या अधिक स्पष्ट दिसतात, म्हणजे वर्तुळ वाढते. डोळ्याच्या इतक्या जवळ दीर्घकाळ लावलेले स्टेरॉइड डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदूला आणि मोतीबिंदूलाही निमंत्रण देऊ शकते. मार्च २०१८ मध्ये केंद्राने त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या ‘शेड्यूल एच’मध्ये घातले. औषध दुकानाच्या काउंटरवर या नियमाचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

कायद्याची स्थिती मोठी गमतीची आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार सर्वसाधारण प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून तब्बल ७० भागांपर्यंत सूट ठेवलेली आहे. म्हणजे त्वचा जिथे सर्वांत पातळ, तिथे मर्यादा सर्वांत सैल. ही सवलत जगभरच्या जुन्या नियमांतून आली, कारण डोळ्याच्या प्रसाधनांत जंतू वाढू नयेत म्हणून एकेकाळी पाऱ्याची संयुगे वापरली जात. पाऱ्यावरील मिनामाता करारातही तशी पळवाट होती. जपानमधल्या ज्या मिनामाता शहरात पाऱ्याने विषारी झालेली मासळी खाऊन माणसे मेली आणि अपंग झाली, त्याचे नाव या कराराला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात संपलेल्या बैठकीत सदस्य देशांनी ही पळवाट बंद केली आणि पारा घातलेली सगळी प्रसाधने २०२५ पर्यंत संपवायचे ठरवले. भारताने हा करार २०१८ मध्येच स्वीकारला आहे. पाऱ्यावर पूर्ण बंदी घालण्याचा केंद्राचा विचार असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या.

बंदी यायलाच हवी. तरीही अकोल्यातील डबीला ती अडवू शकली असती का, ही शंका राहते. त्या प्रकारचे क्रीम आजच्या नियमांतही बेकायदाच आहे. प्रश्न मर्यादेच्या आकड्याचा कमी आणि नाव-पत्ता नसलेल्या मालाचा जास्त आहे. पार्लरमध्ये मोठ्या डब्यातून छोट्या डबीत भरून दिलेले, सीमेपलीकडून आलेले, ऑनलाइन कुठल्याशा विक्रेत्याने पाठवलेले क्रीम तपासणीच्या जाळ्यात येतच नाही. नमुना कोणी दिला तर अन्न व औषध प्रशासन तो तपासते. पण रंग उजळत असताना तक्रार कोण करणार? रुग्णालयात पोचल्यावरच डबी आठवते, तीही डॉक्टरांनी खोदून विचारले तर. सूज आणि लघवीतली प्रथिने घेऊन आलेल्या रुग्णाला ‘चेहऱ्याला काय लावता’ हा प्रश्न नेमाने विचारला गेला, तर यातले बरेच प्रकार लवकर उघडकीस येतील. मूत्रपिंडाच्या बायोप्सीपेक्षा हा प्रश्न फारच स्वस्त आहे.

बाजारात आता तिसरी जातही आली आहे: झाकतो आणि उजळवतोही, असे सांगणारा करेक्टर किंवा कन्सीलर. त्यात व्हिटॅमिन सी किंवा नियासिनमाइड असेल तर बहुधा फायदा थोडा आणि धोकाही थोडा. घटकांची यादीच नसेल तर मात्र तो ठेवून द्यावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असायलाच हवी. आयात मालावर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. घटकांत ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’ किंवा ‘मर्क्युरस’ हे शब्द दिसले तर विषय संपला. मात्र ज्यांनी पारा घातला ते तो बहुधा लिहीत नाहीत. म्हणून वागणूक पाहावी. दोन-तीन आठवड्यांत चेहरा ठळकपणे उजळला आणि बंद करताच पूर्वीपेक्षा काळा पडला किंवा लालबुंद झाला, तर त्या डबीत पारा किंवा स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा आणि ती डबी फेकून न देता त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जावी.

झाकणाऱ्या रंगालाही पथ्ये आहेत, पण ती सोपी. करवतीसारखे घासू नये, अनामिकेने थोपटावे. डोळ्याच्या अगदी कडेपर्यंत नेऊ नये. पार्लरमधला किंवा दुकानातला सर्वांच्या बोटांचा टेस्टर डोळ्याला लावू नये. रात्री तेलकट क्लेन्झरने न चोळता काढावा, नाही तर झाकण्याच्या नादात चोळण्याने वर्तुळ वाढायचे.

केरळच्या त्या रुग्णांपैकी बहुतेकांचा आजार क्रीम बंद केल्यावर ओसरत गेला. काहींना मूत्रपिंडाच्या औषधांचीही गरज लागली. एकाला मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाली होती; शरीरातली प्रथिने वाहून गेली की रक्त गोठण्याचा हा धोका वाढतो.