मराठीचं बटण आहे, मराठी पान कुठाय?

मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे तुमच्या घरपट्टीचा आणि हरकतीच्या मुदतीचा.

दुकानाच्या पाटीवर मराठी नसेल तर दुकानदाराला दंड होतो. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, असंही त्यात आलं. व्यापारी सुप्रीम कोर्टात गेले, तर कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की दोन महिन्यांत पाट्या लावा. चांगलं झालं, माझा त्याला पाठिंबाच आहे.

पण मग किराणा दुकानदाराला जो नियम, तो सरकारी कार्यालयाला का नको? आज कार्यालयाची खरी पाटी म्हणजे त्याची वेबसाइट. आणि तिथे काय दिसतं? वर कोपऱ्यात ऐटीत लिहिलेलं असतं 'मराठी'. दाबा. वरच्या पट्टीतले चार शब्द बदलतात. 'होम'चं 'मुखपृष्ठ' होतं, 'कॉन्टॅक्ट'चं 'संपर्क'. खालची नोटीस, नियम, दरपत्रक, फॉर्म सगळं इंग्रजीतच. नाहीतर 'लवकरच येत आहे'. हे 'लवकरच' मी वर्षानुवर्षं बघतोय.

मी ज्या नगरपरिषदेच्या बातम्या करतो तिचं नाव घेत नाही, कारण तुमच्याही गावची गत फार वेगळी नसणार. तिथे पाणीपट्टीच्या पानावर उभे राहून 'मराठी' दाबलं की तुम्ही थेट मुखपृष्ठावर जाऊन पडता. पुन्हा शोधा पाणीपट्टी. सापडलीच तर मराठी पानावर जुने दर आणि इंग्रजी पानावर नवे. आता सांगा, नागरिकाने कुठले दर खरे मानायचे? हरकती मागवल्याची सूचना इंग्रजीत आज लागते, मराठीत मुदत संपल्यावर. ज्याला इंग्रजी येतं तो हरकत घेतो. ज्याला येत नाही त्याला नंतर उत्तर मिळतं, "वेबसाइटवर टाकलं होतं की!"

विचारलं की उत्तर ठरलेलं, "तांत्रिक अडचण आहे." ही अडचण नेमकी काय असते, ते जरा बघूया.

तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता तेव्हा ब्राउझर सर्व्हरला एक चिठ्ठी पाठवतो. या माणसाला आधी मराठी द्या, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. या चिठ्ठीला 'ॲक्सेप्ट लँग्वेज' म्हणतात. ही सोय कालपरवाची नाही, १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमावलीत ती आहे. 'अपाची' हा जगभर वापरला जाणारा सर्व्हर फुकट मिळतो. त्यात एकाच पानाच्या दोन फाइली ठेवायच्या, एकीच्या नावापुढे 'एमआर', दुसरीच्या नावापुढे 'ईएन'. सर्व्हर चिठ्ठी वाचतो आणि योग्य ती फाइल देतो. डेबियनसारख्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाची वेबसाइट याच पद्धतीने कितीतरी भाषांत चालते. युरोपियन युनियन २४ अधिकृत भाषा सांभाळते. आपल्याला दोन सांभाळायच्या आहेत. दोनच!

यावर कंत्राटदाराकडे एक हुशार उत्तर तयार असतं. "साहेब, लोकांचे मोबाइलच इंग्रजीत सेट असतात. मोबाइल इंग्रजी मागतो, आम्ही इंग्रजी देतो." अर्धी गोष्ट खरी आहे. आपल्यातल्या अनेकांचा मोबाइल दुकानातून इंग्रजीत आला आणि तसाच राहिला. पण म्हणून तो माणूस इंग्रजीत नोटीस वाचतो का? अहो, ती चिठ्ठी फोनची असते, माणसाची नाही. म्हणून तर जाणकार सांगतात की नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा वेगळा पत्ता द्या, दोन्ही पानं एकमेकांना जोडा, आणि माणसाने एकदा भाषा निवडली की ती लक्षात ठेवा. गूगलही वेगवेगळ्या भाषांच्या पानांना वेगवेगळे पत्ते द्यायला सांगतं. आणि काहीच ठरत नसेल तेव्हा कुठली भाषा दाखवायची, हे सर्व्हर ठरवत नाही. ते सर्व्हर लावणारा माणूस ठरवतो. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेने तिथे इंग्रजी ठेवलं असेल तर तो निर्णय आहे. त्याला तांत्रिक अडचण म्हणणं ही शुद्ध पळवाट आहे.

दुसरं उत्तर, "भाषांतराचं यंत्र बसवलंय ना!" बसवा, वाचकाला कामचलाऊ अर्थ कळायला ते ठीक आहे. पण दंड, सूट, मुदत यांचा मजकूर यंत्राच्या भरवशावर? इंग्रजी कायद्यात 'शाल' आणि 'मे' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. 'करील' आणि 'करू शकेल' यांत एखाद्याचं घर जाऊ शकतं. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. म्हणजे मराठी वाचणाऱ्याने वाचायचं एक आणि त्याला लागू व्हायचं दुसरंच!

तिसरा प्रकार सगळ्यांत चीड आणणारा. मराठी मजकूर असतो, पण कागदाचा फोटो काढून चढवलेला. नाहीतर जुन्या फाँटमध्ये. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात, वर मराठीचा मुखवटा. फाँट नसेल त्या मोबाइलवर नुसता कचरा दिसतो. शोधलं तर सापडत नाही. दृष्टिहीन माणसाचा मोबाइल पान वाचून दाखवतो, तो इथे मुका होतो. पान युनिकोडमध्ये असलं तरी त्यावर 'ही भाषा मराठी' अशी आतली खूण लागते. ती इंग्रजीची ठेवली की वाचणारं यंत्र मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावून त्याचं भजं करतं. ती खूण बदलायला एक ओळ लागते. फक्त एक.

आता कायदा बघा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. स्थानिक संस्थांचं कामकाज मराठीतून सक्तीचं करणारा कायदा २०२२ चा. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याचं कलम ४ सांगतं की कार्यालयाने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा याच कार्यालयांतून पेढे वाटले गेले. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. एवढ्यांची भाषा अभिजात, आणि पाणीपट्टीचा फॉर्म मात्र इंग्रजीत?

कोणी म्हणेल, इंग्रजीला विरोध कशाला? विरोध नाहीच. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला, कंपनीला, परप्रांतीय कामगाराला इंग्रजी आणि हिंदी पान जरूर मिळावं. सर्व्हरला भाषांचं ओझं होत नाही. माझं म्हणणं एवढंच की मराठी पान हे उपकार म्हणून नको, मूळ पान म्हणून हवं. ते त्याच दिवशी लागावं, त्यात तोच मजकूर असावा आणि वाद झाला तर तेच ग्राह्य धरावं. मराठी पान तयार नसेल तर हरकतीची मुदत सुरूच होऊ नये. बघा मग भाषांतर किती पटकन होतं ते!

आता तुमचं काम. आपापल्या नगरपरिषदेची, पंचायत समितीची वेबसाइट आजच उघडा. आतल्या एखाद्या पानावर जाऊन 'मराठी' दाबा, तेच पान मराठीत येतं का बघा. नोटिशीतला एक मराठी शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, तो मराठीच राहतो का बघा. दोन्ही भाषांतल्या तारखा आणि दर ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि माहिती अधिकारात दोनच प्रश्न टाका. वेबसाइटच्या कंत्राटात मराठी पानांबद्दल अट काय आहे? आणि त्या कामापोटी आजवर बिल किती दिलं? मी माझ्या गावचा अर्ज या सोमवारी देतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.

बटणाचे पैसे आपल्या घरपट्टीतून गेलेत. पान मिळेपर्यंत विचारत राहायचं.