माघ वद्य नवमीचा चंद्र

शिवकाळावरचा नवा चित्रपट जाहीर झाला की आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. वडील 'कधी लागतोय?' म्हणून विचारतात आणि पुतण्या मोबाइलवर टीझर थांबवत थांबवत बघायला बसतो. वडिलांनी भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिलेला. त्या रात्रीचं वर्णन ते अजून करतात. पुतण्या विशीतला, दर पावसाळ्यात गडावर जाणारा. २०२४ च्या शिवजयंतीला रितेश देशमुख यांच्या 'राजा शिवाजी'ची घोषणा झाली तेव्हा हेच झालं. महाराजांच्या वेशातल्या ऋषभ शेट्टींचं पोस्टर आलं तेव्हाही हेच. वरवर बघणाऱ्याला वाटेल, एकाला आशा आहे आणि दुसऱ्याला शंका. मी दोघांच्या मधे बसतो आणि मला ठाऊक आहे की दोघांच्या पोटातली कळकळ एकच आहे.

म्हणूनच शंका घेणाऱ्या प्रेक्षकाला आज जे ऐकवलं जातं ते मला पटत नाही. 'आधी सिनेमा तर येऊ द्या.' 'मराठीला एवढं बजेट कुठून आणायचं?' 'हा सिनेमा आहे, इतिहासाचं पुस्तक नाही.' आणि या सगळ्याला कंटाळलेल्यांचं एक, 'पुरे झाला आता तो शिवकाळ.' यातलं एकही वाक्य कसाला लावल्यावर टिकत नाही.

पहिल्याचं उत्तर 'आदिपुरुष'ने देऊन ठेवलंय. २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत त्याचा टीझर दाखवला आणि देशभर लोक हळहळले. रावणाचं रूप, हनुमानाचा पेहराव, संगणकावर केलेली वानरसेना, काहीच लोकांच्या मनातल्या रामकथेशी जुळेना. तेव्हाही 'टीझरवरून ठरवू नका' असंच सांगितलं गेलं. जानेवारीतलं प्रदर्शन जून २०२३ वर गेलं, दृश्यांवर पुन्हा काम झालं. आणि चित्रपट लागल्यावर हनुमानाच्या तोंडचे संवाद बदलायची पाळी आली. दीड-दोन मिनिटांत प्रेक्षकाला जे खटकलं होतं ते चित्रांच्या सफाईपुरतं नव्हतंच. रामायणाकडे कुठल्या नजरेने बघितलंय, हे त्याला तेवढ्या वेळात कळलं होतं. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. आता नितेश तिवारी यांचं 'रामायण' येतंय आणि त्याच्याही प्रत्येक चित्राकडे लोक बारकाईने बघताहेत. त्यांना बघू द्यावं.

बजेटचं म्हणणं मी जास्त सहानुभूतीने ऐकतो, कारण मराठी निर्मात्याची ओढाताण खरी आहे. पण २०२२ च्या डिसेंबरात 'वेडात मराठे वीर दौडले सात'ची पहिली झलक आली, तीत महाराजांच्या मागे झुंबर होतं आणि झुंबरात विजेचे दिवे. एडिसनचा दिवा १८७९ चा. ही चूक पैशाअभावी झालेली नाही. समई आणि मशाल झुंबरापेक्षा स्वस्तच पडते. त्या चौकटीकडे शेवटची नजर टाकणारं माणूस कमी पडलं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२३ मध्ये 'सिंहगड' पडद्यावर आणला, त्या गावचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी गरिबीची सबब पुढे करू नये. गड बघा. आपल्या चित्रपटांतले गड हल्ली संगणकावर उभे राहतात आणि ते राजस्थानातल्या महालांसारखे दिसतात, उंच मनोरे, भव्य सरळ रस्ता, समोरून दिसणारा दरवाजा. सह्याद्रीचा गड तसा नसतो. इथे डोंगरच गड असतो. जिथे कातळाचा कडा तुटलेला आहे तिथे भिंत बांधायची गरजच पडत नाही. जिथे निसर्गाने फट ठेवलीय तिथे तटबंदी. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलाय की पार जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि दिसतो तेव्हा आपण दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात उभे असतो. पुतण्या टीझर थांबवतो तो यासाठी. 'काका, हा दरवाजा गोमुखी नाही' हे तो खोड काढायला म्हणत नाही. त्या दरवाजात तो स्वतः उभा राहिलाय आणि वर बघताना त्याच्या अंगावर काटा आलाय. पडद्यावरही तसाच यावा, इतकंच त्याचं मागणं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. जग ज्या वास्तूंना वाकून नमस्कार करतं, त्या आपल्याच पडद्यावर परक्या दिसाव्यात याचं मला मनापासून दुःख होतं.

आता 'हा सिनेमा आहे, पुस्तक नाही' हा सगळ्यात मोठा मुद्दा. तो वाजवी वाटतो म्हणूनच जास्त घातक आहे. माझं उत्तर एकच, संभाजीराजे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली, आणि तीही ज्या घराण्यातल्या बाळाजी आवजींना राजांनी देहान्त शासन दिलं होतं त्याच घराण्यात. तिच्यातले राजे व्यसनी, उतावळे, रागीट. हीच प्रतिमा नाटककारांनी उचलली. 'राजसंन्यास'पासून 'बेबंदशाही'पर्यंत मराठी रंगभूमीने तीच गिरवली, टाळ्या घेतल्या आणि पिढ्यान्पिढ्या मराठी माणसाने संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणाऱ्या, नऊ वर्षं औरंगजेबाशी झुंजणाऱ्या राजाला बदफैली मानलं. नाटककारही म्हणू शकले असते की हे नाटक आहे, पुस्तक नाही. ती प्रतिमा पुसायला वा. सी. बेंद्र्यांना आयुष्यातली चाळीस वर्षं कागदपत्रांत घालवावी लागली. त्यांचं चरित्र आलं १९६० मध्ये, कमल गोखल्यांचं त्यानंतर. 'छावा' पाहून २०२५ मध्ये थिएटरात जी तरुण मुलं ओक्साबोक्शी रडली, त्यांच्या अश्रूंमागे शिवाजी सावंतांची कादंबरी आहे आणि त्या कादंबरीच्या मागे बेंद्र्यांचे कागद आहेत. माणूस पुस्तक एकदा वाचतो आणि विसरतो. पडद्यावरचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. ज्याची पकड जास्त त्याची जबाबदारी जास्त.

त्याच 'छावा'च्या ट्रेलरमधलं लेझीमचं दृश्य आक्षेपामुळे वगळलं गेलं. त्या आक्षेपात मला फारसा दम वाटला नाही. पण गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी विचारलेला प्रश्न वजनदार होता. संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले त्यामागची फितुरी नेमकी कोणाची, यावर अभ्यासकांत वाद आहेत; तिथे नाव घेऊन एका घराण्याला फितूर ठरवायचं तर हातात पक्का कागद हवा. एका घराण्याच्या बखरीने एका राजाची बदनामी केली, तीच चूक आपण दुसऱ्या घराण्याच्या बाबतीत करायची का?

याचा अर्थ दंतकथेला पडद्यावर जागा नाही असा कुणी घेऊ नये. दंतकथा म्हणजे लोकांनी लोकांसाठी जपलेली आठवण, आणि मला ती प्रिय आहे. तानाजींनी कोंढाणा घेतल्याच्या, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली घोरपड लहानपणी मीही डोळे विस्फारून ऐकली. ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. पडद्यावर शाहीर उभा करा, डफ वाजू द्या, तुणतुणं लागू द्या, आणि घोरपड त्याच्या आवाजातून कड्यावर चढू द्या. पण मावळा कसा चढला ते सभासदाला विचारा. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिलेली त्याची बखर घटनेनंतर पाव शतकाच्या आसपासची, म्हणजे त्या रात्रीची आठवण सांगणारे लोक तेव्हा हयात होते. त्यात दोन निवडक मावळे आधी कडा चढतात, वर माळ, म्हणजे दोराची शिडी, बांधतात आणि तिच्या आधाराने तीनशे माणूस वर जातं. तारीख ४ फेब्रुवारी १६७०, तिथी माघ वद्य नवमी. वद्य नवमीला चंद्र उगवतो मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे त्याआधी जे चढले असतील ते ठार काळोखात, थंडीत गारठलेल्या कातळाला बोटांनी चाचपत. आपल्या चित्रपटांतला कोंढाणा मात्र निळ्या चांदण्यात न्हाऊन निघालेला असतो. आणि गड सर झाल्यावर? सभासद सांगतो, गडावरच्या पागेच्या गवती छपरांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. काळोखाच्या टोकाला पेटलेला हा एक ठिपका, आणि तो बघणाऱ्या राजाला अजून माहीत नाही की तानाजी गेले. याहून मोठं दृश्य कुठला पटकथाकार लिहिणार? त्याऐवजी आपल्याला 'तान्हाजी'त नागीण नावाची तोफ मिळाली आणि मगर भाजून खाणारा किल्लेदार उदयभान. तो चित्रपट देशभर चालला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले, तानाजींचं नाव घरोघर गेलं, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती तोफ पटकथेतली आहे आणि आगीचा उजेड बखरीतला, आणि दोन्हींतलं सिनेमाला जास्त शोभणारं कोणतं, हे कुणीही सांगावं. सिंहगड हे नाव तानाजींच्या बलिदानावरून पडलं अशी आपली समजूत. ते नाव १६६३ च्या, म्हणजे त्याआधीच्या पत्रातही आहे. यातून तानाजी कणभरही लहान होत नाहीत.

कागद दंतकथेला नेहमी मारतोच असंही नाही. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर पडले. सात वीर आपल्या कानामनात बसले ते कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे आणि लताबाईंच्या आवाजामुळे. मला वाटायचं, सात हा आकडा कवीचा. पण त्याच वर्षीच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात प्रतापराव अरुंद खिंडीत सहा स्वारांसह मारले गेल्याची बातमी आहे. सहा आणि एक सात. मी ते वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्या सहांची जी नावं सर्रास सांगितली जातात त्यांना मात्र तसा समकालीन आधार नाही, आणि कल्पनेचं खरं कुरण ते आहे. तिथे लेखकाने त्यांना गाव द्यावं, आई द्यावी, घोडा द्यावा. कागद गप्प आहे तिथे कलावंताने खुशाल बोलावं. कागद बोलतोय तिथे त्याला गप्प करू नये.

'पुरे झाला शिवकाळ' म्हणणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. अफझलखान, पावनखिंड, कोंढाणा, आग्रा, यांच्या फेऱ्या फार झाल्या. पण काळ कुठे संपलाय? १६७९ चं खांदेरी घ्या. मुंबईच्या तोंडाशी, समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर मायनाक भंडारी आपल्या माणसांसह भर पावसाळ्यात उतरतो आणि तट रचायला घेतो. इंग्रजांची जहाजं बेटाला वेढा घालतात. मराठ्यांची होडकी लहान, उथळ पाण्यातून वल्ह्यांवर चालणारी; वारा पडला की इंग्रजी शिडं जागच्या जागी लटकतात आणि ही होडकी रात्रीच्या अंधारात दगड, चुना, दाणागोटा पोचवून परत येतात. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गुराब मराठ्यांच्या हाती लागतं. शेवटी इंग्रजच मागे हटतात आणि बेट महाराजांकडे राहतं. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की आजही खांदेरी दिसते. मी गेलो होतो तेव्हा शेजारी एक कोळी बाबा जाळं शिवत बसले होते. ओहोटीला इथलं पाणी कसं फिरतं ते त्यांनी मला सुईच्या टोकाने वाळूत रेघा ओढून दाखवलं. एखाद्या दिग्दर्शकाने त्यांच्याजवळ दोन दिवस बसावं, अर्धी पटकथा तिथेच होईल. राजाराम महाराजांचा जिंजीपर्यंतचा प्रवास आहे, ताराराणींची सात वर्षं आहेत. ज्याला हा काळ संपल्यासारखा वाटतो त्याला चारच प्रसंग दाखवले गेलेत.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूच्यांनाही सांगायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यात 'हर हर महादेव'चा खेळ बंद पाडताना तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला मारहाण झाली. त्या चित्रपटावर माझेही आक्षेप होते. पण मारणारा हात शंका घेत नसतो, तो शंकेची सोयच संपवतो. त्याला घाबरून निर्माता उद्या इतिहासकाराला सोडून पुढाऱ्याकडे पटकथा दाखवायला जाईल. गेल्या काही वर्षांत तसं होऊ लागलंय, आणि त्यात इतिहासाचं काडीचंही भलं नाही. पटकथा अभ्यासकाच्या टेबलावर जायला हवी, चित्रीकरणाच्या आधी, आणि त्याने लाल शाईने खुणावलेलं पान फाडून फेकायची नव्हे तर पुन्हा लिहायची तयारी हवी.

माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत केलं. मसाईच्या पठारावर धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. घरी आला तेव्हा पाय सुजलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल वाळलेला. गरम पाण्यात पाय बुडवून तो आजोबांना सांगत होता, 'आम्ही दिवसा चाललो, पायात बूट होते, तरी ही गत. ते रात्रीत गेले.' वडील काही बोलले नाहीत. उठले आणि त्यांनी स्वतः त्याच्या पायाला तेल चोळलं.

पुढचा चित्रपट लागेल तेव्हा आम्ही तिघं पहिल्याच दिवशी जाणार आहोत. वडील महाराज पडद्यावर आले की हात जोडतील, पुतण्या दरवाजाकडे बघेल. आणि कोंढाण्याचा कडा आला की मी आधी आभाळात चंद्र आहे का ते बघेन.