अडचणीची न्हाणी आणि गॅसचा गीझर

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गीझर हमखास असतो. आपल्याकडचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक, पण इथली थंडी सांगितली तर बाहेरच्यांना पटत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी मुलांची शाळा, 'ह्यांचं' ऑफिस आणि सासूबाईंचे आखडलेले गुडघे, सगळ्यांना तासाभरात ऊन पाणी पुरवायचं म्हणजे गृहिणीची परीक्षाच!

पवनीच्या एक भगिनी लिहितात, "आमचं घर जुनं, लांबट. न्हाणी जिन्याखाली, चार फूट बाय सहा. एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला जिना, मागे स्वयंपाकघर आणि दार मधल्या खोलीत. दुकानदार म्हणतो, दाराखाली चार बोटं फट ठेवा, काही होत नाही. गॅसचा गीझर बसवावा का?"

नाही हो ताई. गीझर घ्या, पण त्या न्हाणीत नको.

का, ते जरा हिशेबानं बघू. मिनिटाला सहा लीटर पाणी तापवणारा नेहमीचा छोटा गीझर पूर्ण आचेवर आपल्या शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या पाचपट तरी आग ओकतो. तासाला साधारण एक किलो गॅस लागतो. आणि एक किलो गॅस नीट जळायला जवळजवळ सव्वाचारशे घनफूट हवा हवी. ताईंची न्हाणी आठ फूट उंच धरली तरी तिच्यात हवा मावते एकशेब्याण्णव घनफूट. म्हणजे पाठोपाठ दोघांच्या आंघोळी झाल्या, अर्धा तास गीझर पेटता राहिला, की खोलीतली सगळी हवा एकट्या गीझरनंच मागितली. दाराखालच्या फटीतून थोडी येईल, नाही असं नाही; पण जळून झालेला वायू वर छताशी साठतो, तो खालच्या फटीतून कसा जाणार?

प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. हा मात्र गुपचूप येतो, रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, समोरची कडीसुद्धा काढवत नाही. न्हाणीत असं कोसळलेल्या माणसाला फीट आली समजून औषधं सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. मेंदुविकाराच्या डॉक्टरांनी तर 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच ठेवलंय. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवडीचा रंग धुवायला गेलेलं जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हाच्या बातम्यांतही संशय गॅस गीझरवरच होता.

तेव्हा आधी धुराची वाट बघायची, मग पाण्याची. आपल्या सासवांना हे न शिकवता कळत होतं. भंडारा म्हणजे पितळेचं गाव; इथल्या घरात बंब नवा नाही. बंबाच्या पोटातून नळी वर जाते ती धुरासाठीच. आणि बऱ्याच घरी तो परसात किंवा ओसरीच्या टोकाला पेटायचा. घंगाळात पाणी काढून आत न्यायचं. नव्या गीझरचंही तसंच करता येतं, फक्त बादली उचलायला नको. गीझर परसातल्या भिंतीवर बसवायचा आणि ऊन पाणी नळानं आत आणायचं.

"पण एवढ्या लांबून आणलं तर गॅस वाया नाही का जाणार?" दहा फूट अर्ध्या इंची नळात जेमतेम अर्धा लीटर पाणी मावतं. म्हणजे एक तांब्याभर थंड पाणी आधी बादलीत पडू द्यायचं. एवढंच! नळ मात्र ऊन पाण्याचा घ्या, साधा प्लास्टिकचा नको. आणि वरून गरम राहील असं आवरण घाला. गीझरवर पावसासाठी छोटं छप्पर हवं, समोरची बाजू मोकळी. काचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे बाहेर नव्हे बरं का!

न्हाणीची एक तरी भिंत मोकळ्या हवेला लागून असेल तर मात्र गीझर आत बसवण्याचा विचार करता येईल, तोही धुराच्या नळीसाठीच बनवलेला. साध्या गीझरवर मिस्त्रीनं पत्र्याची नळी ठोकून दिली, असला उद्योग करू नका. नळी धातूचीच हवी, आधी सरळ वर जाणारी, मग बाहेर. वळणं कमीत कमी. तोंड शेजारणीच्या खिडकीखाली येऊ नये. न्हाणीला खालून हवा येण्याची कायमची जाळीही लागेल. आणि नुसत्या नळीच्या गीझरशेजारी एक्झॉस्ट पंखा लावू नका. पंखा आतली हवा ओढतो, तिची जागा भरायला नळीतला धूरच उलटा आत येतो! यापेक्षा बरा तो दुहेरी नळीचा गीझर, जो हवाही बाहेरूनच घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. आपल्या तालुक्याच्या दुकानात तो सहसा नसतो, मागवावा लागतो, महागही पडतो. मोकळी भिंत नाही आणि परसही नाही, अशा घरात सरळ विजेचा गीझर घ्यावा हे माझं मत.

वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा गीझर म्हणजे निर्धास्त, असं दुकानात सांगतात. नळ बंद करून पुन्हा सोडला की त्याची वीस मिनिटं नव्यानं सुरू होतात, हे कुणी सांगत नाही.

खर्चाचंही ध्यानात असू द्या. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दहा-दहा मिनिटांच्या ऐंशी-पंच्याऐंशी आंघोळी होतात. पाच माणसांच्या घरात सोळा-सतरा दिवस! शेगडीच्या रबरी नळीला जोड देऊन गीझर चालवू नका; जोडणी गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या. सिलिंडर न्हाणीत किंवा जिन्याखाली ठेवायचा नाही, हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठून राहतो. आणि टाकी फार खाली असेल तर पाण्याला जोर नसतो, गीझर पेटतच नाही. घेण्याआधी तेवढं पाहून घ्या.

रोज वापरताना ज्योत निळी आहे ना, बघत जा. पिवळी झाली, वर काजळी धरली, की वापर बंद आणि मिस्त्रीला बोलावणं. कुणाला न्हाणीत गरगरलं तर आधी दार उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात नेल्यावर गीझर गॅसचा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पवनीच्या ताई, तुमच्या स्वयंपाकघरामागे परस आहे की नाही, ते पत्रात नाही. असेल तर नळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून नेता येईल. घराचा कच्चा नकाशा काढून पाठवा, पुढच्या पत्रोत्तरात बघू.