'स्थानिक' बिअर आणि आमची ज्वारी

पुण्यासारख्या शहरांत सांप्रत जागच्या जागी बिअर तयार करून ती भोजनासोबत देणारी उपाहारगृहे निघाली आहेत, व त्यांच्या पाट्यांवर 'स्थानिक' हा शब्द ठळक अक्षरांनी झळकतो. मद्यपानाचा पुरस्कार करणे हे या मासिकाचे काम नव्हे, व आमचा तो हेतूही नाही. तथापि जो माल आमच्या मातीच्या नावावर खपतो, त्यात आमच्या शेताचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार शेतकऱ्यास खचित आहे.

या जिज्ञासेने आम्ही असे एक गृह नुकतेच पाहून आलो. काचेपलीकडे पोलादी पिंपांत रस आंबत होता, आणि पत्रकावर आंबा, कोकम इत्यादींची नावे होती. चौकशी करता कळले की, मोड आणून वाळवलेले जव परप्रांतातून येतात व कडवटपणाकरिता लागणारी हॉप्सची फुले परदेशातून. म्हणजे स्थानिक काय, तर पाणी, मजूर आणि चवीपुरते फळ! सात-बाऱ्यावर पिकाची नोंद शेत पाहून करावयाची असते. तो नियम लावला, तर या पत्रकावरील नोंद टिकणार नाही.

चालकांची अडचण अगदीच खोटी नाही. जव हे मुख्यत्वे राजस्थान व उत्तर प्रदेशाकडील पीक. हॉप्सच्या वेलीस थंड हवा व उन्हाळ्यातील लांब दिवस लागतात, म्हणून आपल्या देशात ती हिमाचलातील लाहौलसारख्या खोऱ्यातच होते. परंतु ज्वारीचे काय? १९८८ साली नायजेरियाच्या सरकारने जवाची आयात बंद केली, तेव्हा तेथील कारखान्यांनी ज्वारी व मक्यावर बिअर काढून दाखविली. ज्वारीचे पीठ शिजण्यास जवाहून अधिक उष्णता लागते व दाण्यास टरफल नसल्याने रस गाळणे कठीण जाते. म्हणून ती निराळी शिजवून जवात मिसळावी लागते. काम खटपटीचे आहे, अशक्य नाही.

आता हिशेब पाहू. शंभर लिटर बिअरला सुमारे वीस किलो धान्य लागते. रोज हजार लिटर काढणाऱ्या गृहास दोन क्विंटल, म्हणजे वर्षास ७३० क्विंटल. त्याचा पाचवा हिस्सा ज्वारी घेतली तर १४६ क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल धरल्यास ही अवघ्या तीस-पस्तीस एकरांची उपज होय. तेव्हा एवढ्याने तालुक्याचे दैन्य फिटेल, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र पाच-सात कुटुंबांस हे गिऱ्हाईक थोडे नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी की, शेतकऱ्यांनी एकेकटे न जाता संघामार्फत बोलणे करावे. वाण, ओलावा, भाव व पैसे देण्याची मुदत पेरणीपूर्वी लेखी ठरवावी. बुरशी लागलेला काळा दाणा या कामी चालत नाही. भाकरीचाच निर्मळ दाणा द्यावा लागणार. मग भाकरीच्या भावाहून कमी भावात तो का द्यावा? आणि ज्या गृहास आमचे धान्य नको असेल, त्याने खुशाल परप्रांतीय जव वापरावे. फक्त पाटीवरील 'स्थानिक' हा शब्द पुसून टाकावा.