फसलेल्या रेणूंची यादी तरी द्या

मा. महासंचालक,
वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, नवी दिल्ली



मी शास्त्रज्ञ नाही. पुण्यात राहतो, कर भरतो. घरात एकदा क्षयाचे दुखणे काढले आहे, त्यामुळे सहा महिने गोळ्या मोजणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. उत्तर मागायला एवढी ओळख पुरेशी असावी.

सप्टेंबर 2008 मध्ये आपल्या परिषदेने ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ प्रकल्प सुरू केला. त्याची आठवण आपल्याला करून द्यायला नको. सरकारने 150 कोटींची ग्वाही दिली होती. क्षयावरचे औषध पेटंटच्या कुंपणाबाहेर, सर्वांच्या डोळ्यांदेखत शोधायचे, असा तो वायदा होता. देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी संगणकापुढे बसून क्षयजंतूची सुमारे 4000 जनुके नव्याने चाळली. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीत त्याचा गाजावाजाही झाला. त्या कामातून नवे औषध रुग्णाच्या हाती आले नाही, ही माझी तक्रार नाही. या धंद्यात औषध होऊ पाहणारे बहुतेक रेणू वाटेतच मरतात. पण ते कुठे आणि कशाने मेले, हे सांगायला काय हरकत होती?

हे मी उगाच विचारत नाही. संगणक जंतूच्या प्रथिनातली खाच पाहतो, लाखो रेणू तिच्यात बसवून बघतो आणि गुण देतो. हे एका रात्रीत होते. पण पडद्यावर चपखल बसलेला रेणू जंतूच्या मेणचट भिंतीतून आत शिरेलच असे नाही. तो रेणू बनवावा लागतो, जंतूवर टाकावा लागतो, आणि त्या जंतूला नुसते दुप्पट व्हायलाच वीसेक तास लागतात. बेडाक्विलिन हे नव्या पिढीचे मोठे औषध, तेही संगणकाने सुचवलेले नव्हते. क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदावर असंख्य रेणू टाकून पाहताना ते हाती लागले. मग आपल्या संगणकांनी सुचवलेल्यांपैकी किती रेणू प्रत्यक्ष बनले? किती तपासले गेले? उद्घाटनाची छायाचित्रे निघतात ती संगणकाची. परीक्षानळीच्या खर्चाला मात्र कोणी वाली का नसतो?

आता मशीन लर्निंगचे दिवस आहेत. यंत्र शिकते ते उदाहरणांवरून, आणि फसलेले उदाहरण त्याला यशस्वी उदाहरणाइतकेच लागते. 2011 मध्ये आपल्याच प्रकल्पातल्या संशोधकांनी क्षयविरोधी रेणू ओळखणारी यंत्र-प्रारूपे तयार केली. त्यासाठी माहिती कोणाची वापरली? अमेरिकेने पबकेम या रेणूंच्या माहितीकोशात सर्वांसाठी मोकळी ठेवलेली. आपण दुसऱ्यांच्या उघड्या विहिरीचे पाणी प्यायलो. आपली विहीर कुठे आहे? भारतीय प्रयोगशाळांनी भारतीय पैशाने नापास केलेले रेणू कपाटातच राहणार असतील, तर यंत्र काय शिकणार?

आपल्या परिषदेचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान असतात. मार्च 2018 मध्ये त्यांनीच दिल्लीत सांगितले होते, की जगाने ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, 2025 पर्यंत, भारत क्षयमुक्त होईल. 2025 संपले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार जगातल्या दर चार क्षयरुग्णांत एक भारतीय आहे. मधल्या काळात, मार्च 2024 मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी सुमारे 10,372 कोटी मंजूर झाले. त्यातले किती या जंतूच्या वाट्याला येणार आहेत? की आता ज्या रोगाला श्रीमंत गिऱ्हाईक आहे, त्याचीच औषधे यंत्र शोधणार?

मागणी छोटी आहे. 2008 पासून क्षयावर सुचवलेला, बनवलेला आणि नापास झालेला प्रत्येक रेणू, त्याच्या चाचणीच्या आकड्यांसह, कोणालाही उतरवून घेता येईल असा एका जागी ठेवा. ही माहिती आधीच कुठे ठेवली असेल, तर जागा कळवा. मी जाहीर माफी मागेन. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून हेच विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, याची मला कल्पना आहे. तरी आधी पत्र लिहितो आहे.

आपला,
एक नागरिक, पुणे