युद्ध संपतें, बेडी उरते

देशावर शत्रू चालून आला असतां लोकांनीं कांहीं काळ तोंड आवरावें, दिवे मालवावे, अडविलें तर कागद दाखवावे, यांत कोणाही शहाण्या माणसास वावगें वाटणार नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावरील आमच्या तांडेल-खलाशांना हें शिकवावयास नको. गस्तीचें जहाज कोठें उभें आहे ही बातमी बाजारांत बोलूं नये, हें त्यांस कळतें. सैन्यांत जातात तींही शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचींच मुलें. तेव्हां देशप्रेमाचा धडा बहुजन समाजास कोणी देऊं नये. आमचा प्रश्न वेगळा आहे. युद्धासाठीं घातलेली बेडी युद्ध संपल्यावर निघते काय? आणि ती कोणाच्या पायांत पडते?

चीननें हल्ला केल्यावर २६ ऑक्टोबर १९६२ रोजीं आणीबाणी पुकारली गेली. २१ नोव्हेंबरला चीननें लढाई थांबविली. आणीबाणी मात्र उठली १० जानेवारी १९६८ रोजीं! महिन्याच्या लढाईला पांच वर्षांची बेडी. पुढें ३ डिसेंबर १९७१ रोजीं पुन्हां आणीबाणी आली. लढाई पंधरवड्यांत जिंकली, पण ती आणीबाणी १९७७ पर्यंत उरली. आणि तिच्या जोडीला जून १९७५ मध्यें अंतर्गत अशांततेच्या नांवाखालीं दुसरी बसविली. आमच्या भागानें राजापूर मतदारसंघांतून निवडून दिलेले खासदार मधु दंडवते तेव्हां बंगळूरच्या तुरुंगांत होते. त्यांनीं कोणत्या शत्रूला कोणता नकाशा विकला होता?

पहिल्या आणीबाणींतील एक खटला प्रत्येक वाचकानें ध्यानांत ठेवावा. कामगार पुढारी प्रभाकर संझगिरी यांस भारत संरक्षण नियमांखालीं मुंबईच्या तुरुंगांत डांबलें होतें. तेथें त्यांनीं अणूच्या अंतरंगाविषयीं मराठींत शास्त्रीय पुस्तक लिहिलें. तें छापण्यासाठीं बाहेर पाठवूं द्या, एवढेंच मागणें. सरकारनें नाकारलें. स्थानबद्धास नियमांनीं दिली तेवढीच सवलत, बाकी हक्क नाहीं, असा सरकारचा युक्तिवाद. मुंबई हायकोर्टानें तो मानला नाहीं, आणि सप्टेंबर १९६५ मध्यें, पाकिस्तानाशीं युद्ध पेटलें असतांना, सर्वोच्च न्यायालयानेंही मानला नाहीं. नियमांत जी बंदी लिहिलेली नाहीं ती अधिकाऱ्यास आपल्या मर्जीनें घालतां येत नाहीं, असा निकाल झाला. त्या निकालानें देश बुडाला नाहीं. उलट, युद्ध चालू असतांही सरकारला जाब विचारतां येतो हें सिद्ध झालें.

पण १९७६ मध्यें त्याच सर्वोच्च न्यायालयानें स्थानबद्धांना दार लावून घेतलें. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध राहिले. म्हणून १९७८ मध्यें घटना दुरुस्त करावी लागली. आतां आणीबाणींतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क गोठवितां येत नाहीं.

कागदावर हें ठीक झालें. आतां घरचें उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्यें युद्ध नव्हतें. क्रिकेटचा सामना होता. देशविरोधी घोषणेच्या आरोपावरून मालवणांत लोक खवळले आणि लगेच एका भंगारवाल्याचें दुकान पाडलें गेलें. बांधकाम बेकायदा होतें असें सांगण्यांत आलें. नोटीस न देतां पाडलें अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. घोषणा दिली असेल तर खटला चालवा. बांधकाम बेकायदा असेल तर रीतसर नोटीस द्या. पण आरोप आज आणि दुकान उद्यां जमीनदोस्त, हा न्याय नव्हे. दिल्लीपर्यंत वकील लावण्याची ऐपत किती भंगारवाल्यांत, किती खलाशांत असते? बेडी कोणाच्या पायांत पडते, याचें उत्तर येथें आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ मध्यें सत्यशोधक समाज काढला, तेव्हां धर्माचें नांव घेऊन गरिबाचें तोंड बंद करीत. "शास्त्रांत आहे" म्हटलें कीं प्रश्न संपला. आज "देशाची सुरक्षा" म्हटलें कीं प्रश्न संपतो. शब्द बदलला, रीत तीच.

आमचें मागणें तीनच गोष्टींचें आहे. हुकूम लेखी असावा व त्यांत कारण असावें. त्याला मुदत असावी. लढाई संपली कीं तोही संपावा. आणि कोर्टाचें दार गरिबालाही उघडें असावें, त्यासाठीं लागणारा वकील सरकारनें द्यावा. हें मागणारा देशद्रोही नव्हे. ज्या घरचा मुलगा सीमेवर उभा आहे, त्याच घराला मागें सुरक्षित राहण्याचा हक्क आहे. बहुजन बंधूंनीं मत मागावयास येणाऱ्यास हा प्रश्न तोंडावर विचारावा.